अकरा दिवस

पेनाला टोपण लावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तोवर ठाणे अंमलदार लिहीत होते. नाव, वय, पत्ता, घटनेची तारीख. जबाब घ्यायला महिला अधिकारी यायच्या होत्या, तोपर्यंत एका कोऱ्या कागदावर ते टिपून घेत होते. ताईला तहान लागली. पाण्याची बाटली काढायला तिने पिशवीत हात घातला आणि बाटलीबरोबर गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर पडली. त्यांनी ती उचलली, उलटी केली, मागचं नाव वाचलं.

"या कशाच्या?"

"लिथियम," ताई म्हणाली. "मला बायपोलर आहे. पंधरा वर्षं झाली."

मन कधी उन्मादात तर कधी खोल निराशेत नेणारा हा आजार. थायरॉइड आहे, बीपी आहे, असं लोक सांगतात तितक्याच सरळपणे ती हे सांगते. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि मान माझ्याकडे वळवली. "मॅडम, घरी यांचं कोणी जबाबदार माणूस आहे का?"

ताई एक्केचाळीस वर्षांची. वीस वर्षं दुकानांचे हिशेब लिहिणारी, जीएसटीची विवरणपत्रं भरणारी बाई. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, आणि त्या प्रश्नानंतर जणू त्या खोलीत नव्हतीच. पुढची वीस मिनिटं सगळे प्रश्न मला आले. कधीपासून चालू आहे? ॲडमिट केलं होतं का? गोळ्या वेळेवर घेतात का? भास होतात का? ज्या माणसाने तिला गोदामात अडवलं, त्याच्याबद्दल एकही प्रश्न नाही.

ते गृहस्थ उद्धट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. चहा मागवला, पंखा आमच्याकडे फिरवला, ताईला "बाई, तुम्ही निवांत बसा" म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर कणव होती. फिर्याद ऐकून घेणं तेवढं थांबलं होतं.

(ती माझी नात्यातली, माझ्याहून मोठी, म्हणून ताई. गाव, पोलीस ठाणं, माणसांची नावं मी लिहिणार नाही. पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे. हा मजकूर तिने वाचलाय. दोन ठिकाणी तिने माझं म्हणणं खोडून स्वतःचं लिहिलंय, ते तसंच ठेवलंय.)

त्या अंमलदारांवर मी राग धरू शकत नाही, कारण त्यांच्याआधी मीच तिला तो प्रश्न विचारला होता. ती रात्री माझ्याकडे आली, दार लावून घेतलं, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मी काय बोलावं? "ताई, तू गोळ्या घेत होतीस ना?" तोंडातून निघून गेलं. ती रडली नाही, चिडली नाही. पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "मला माहीत होतं तू हे विचारणार. म्हणून थांबले होते."

त्या वहीबद्दल नीट सांगते. साधी वही. तिच्या डॉक्टरांनी फार वर्षांपूर्वी लावलेली सवय : रोज रात्री एक ओळ. तारीख, किती तास झोप, गोळ्या घेतल्या की नाही, मनाला दहापैकी किती गुण, आणि काही वेगळं घडलं असेल तर तेवढं. अशा तिच्याकडे नऊ वह्या आहेत. हिशेब लिहिणाऱ्या बाईची वही, त्यामुळे रकाने पट्टीने आखलेले. त्या महिन्याचं पान मी पाहिलं. झोप सात, सात, साडेसहा, सात. मग एक तारीख आणि तिच्यापुढे दोन शब्द : "गोदामात. त्याने." पुढचं काही नाही. त्यानंतर झोप तीन, दोन, चार, तीन. मनाचे गुण सहावरून दोनवर. गोळ्यांच्या रकान्यात मात्र रोज बरोबरची खूण.

आणि अकराव्या दिवसाच्या ओळीपाशी स्टेपलरने लावलेला प्रयोगशाळेचा कागद. रक्तातलं लिथियम, ०.८.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांना तो आकडा काही सांगणार नाही. लिथियम घेणाऱ्याला ठरावीक महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. साधारण ०.६ ते एकच्या आसपास असेल तर डॉक्टर मान हलवतात, त्याखाली गेलं तर औषध पुरत नाही, फार वर गेलं तर विषबाधा. ताईने स्वतःहून जाऊन रक्त दिलं होतं. का? तर आपण झटक्यात तर नाही ना, याची आधी स्वतःची खात्री करून घ्यायला. पंधरा वर्षांत तिला एवढं शिकवलं गेलंय की काहीही वाईट वाटलं, कुणाचा राग आला, कुणाची भीती वाटली, की पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. हे खरंच घडतंय की माझं डोकं? एक बाई, जिच्यावर नुकताच अत्याचार झालाय, ती रिकाम्या पोटी प्रयोगशाळेच्या रांगेत उभी राहते. आपल्याला आपल्याच शब्दाचा पुरावा मिळावा म्हणून.

०.८ या आकड्याने त्या गोदामात काय झालं ते सिद्ध होत नाही. ताईलाही ते माहीत आहे. पण मग महिला अधिकारी आल्या, जबाब सुरू झाला, आणि तिसरा-चौथाच प्रश्न आला : "अकरा दिवस काय करत होतात?"

आपल्याकडे यासाठी शब्द तयार असतात. डोक्यावर परिणाम झालाय. तिचं काय मनावर घेता. सटकली की अशीच बोलते. हे बोलणारी माणसं वाईट असतात असं नाही, बहुतेकदा ती घरचीच असतात, दमलेली असतात. पण दमलेल्या घरातून निघालेलं हे वाक्य बाहेरचा माणूस ऐकून ठेवतो. ज्याने ताईला गोदामात अडवलं तो दुकानमालकाचा मेहुणा. त्याने एकदा तिच्यासाठी मेडिकलमधून याच गोळ्या आणून दिल्या होत्या. पुढे त्या दिवशी तो तिला म्हणाला, "तुझं कोण ऐकणार?" जबाबात हे वाक्य आहे. माझ्या मते सगळ्या फिर्यादीत सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच. तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला आधीच ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने तिला निवडलं होतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत डॉ. प्रभा चंद्रा आणि सहकाऱ्यांनी तीव्र मानसिक आजारासाठी दाखल झालेल्या १४६ स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ५० जणींनी लैंगिक बळजबरीचा अनुभव सांगितला. करणारे बहुतेक नवरे, जोडीदार, नाहीतर गावात-वस्तीत वजन असलेले लोक. आणि त्या ५० पैकी ३० जणींनी तोवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं. या तीस बायकांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्या इस्पितळात होत्या, रोज डॉक्टर विचारपूस करत होते, झोप लागते का, भूक लागते का, आवाज ऐकू येतात का. हा प्रश्न कुणी विचारला तेव्हा त्यांनी सांगितलं. म्हणजे सांगायची त्यांची तयारी होती.

हा संशय काही आपल्या गावात उगवलेला नाही. तो मोठ्या विद्वानांनी पुस्तकात लिहून ठेवलाय. जॉन हेन्री विगमोर हे अमेरिकेतलं पुराव्याच्या कायद्यातलं फार मोठं नाव. आपल्या ग्रंथाच्या १९४० च्या आवृत्तीत त्यांनी लिहिलं की लैंगिक गुन्ह्याची तक्रार करणाऱ्या प्रत्येक स्त्रीची मानसिक तपासणी डॉक्टरने केल्याशिवाय कोणत्याही न्यायाधीशाने तो खटला ज्युरीपुढे जाऊ देऊ नये. प्रत्येक स्त्रीची! चोरीची तक्रार करणाऱ्याची नाही, मारहाणीची करणाऱ्याची नाही. आधाराला त्यांनी काही मुलींच्या केसेस दिल्या होत्या. कितीतरी वर्षं अमेरिकेतली न्यायालयं तो परिच्छेद उद्धृत करत राहिली. १९८३ साली ली बीनेन या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी मूळ नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा दिसलं की मुलींवर खरोखर अत्याचार झाल्याचं दाखवणारे तपशील विगमोर यांनी गाळले होते. पण मधली चाळीसेक वर्षं त्या परिच्छेदाखाली किती जणींची तोंडं बंद झाली असतील, ते कोण मोजणार?

आपल्याकडे हेच काम चारित्र्याने केलं. मथुरा नावाच्या मुलीचं प्रकरण आपल्याच मातीतलं. १९७२ चा मार्च, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं, आदिवासी मुलगी आणि दोन पोलीस. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवलं. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, म्हणजे तिची संमती असणार. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही पीडितेचं चालचलन वाईट होतं असं दाखवून तिची साक्ष पाडायची मुभा देणारं १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम आणखी एकोणीस वर्षं जिवंत होतं. ते गेलं २००२ च्या दुरुस्तीत. आता वकिलाला तिच्या चारित्र्याला सरळ हात घालता येत नाही. औषधांच्या चिठ्ठीला घालता येतो, आणि बोलायचा स्वर तोच असतो : ही बाई भरवशाची नाही.

खरं तर कायदा या बाबतीत आपल्या घरांपेक्षा शहाणा निघाला. त्या जुन्या १८७२ च्या कायद्यातसुद्धा लिहिलं होतं की वेड लागलेला माणूस केवळ त्या कारणाने साक्षीला अपात्र होत नाही. विचारलेलं समजत असेल आणि सुसंगत उत्तर देता येत असेल तर तो साक्ष देऊ शकतो. दीडशे वर्षांपूर्वीचं, साहेबाच्या राज्यातलं वाक्य. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आणखी पुढे जातो : एखाद्याला मानसिक आजार असल्याचं निदान झालं एवढ्याने तो विकल मनाचा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केल्याशिवाय नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका जन्मांध दलित मुलीच्या खटल्यात सांगितलं की अपंग साक्षीदाराची साक्ष दुय्यम मानायची नाही. तिने आरोपीला आवाजावरून ओळखलं होतं. पाहिलं नाही म्हणून तिचं ओळखणं कमी ठरलं नाही. हा निकाल मी ताईला वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिचे डोळे गेलेत हे सगळ्यांना दिसतं गं."

इथे एक पेच आहे, आणि तो आमच्या वकीलबाईंनी समजावला तेव्हा मला घेरी यायची बाकी होती.

कायदा म्हणतो, मनाच्या विकलतेमुळे आपण कशाला होकार देतोय हे जिला कळत नाही, तिची संमती ही संमतीच नव्हे. चांगला कायदा आहे. पण ताईच्या आजारात उन्मादाचा काळ असतो. त्या दिवसांत माणूस फार बोलतो, पैसे उधळतो, अनोळखी लोकांशी सलगी करतो, लैंगिक भानही सुटू शकतं. समजा त्या दिवशी ती उन्मादात असती, तर समोरच्या वकिलाने म्हटलं असतं, हिनेच पुढाकार घेतला आणि नंतर आठवणीत घोळ घातला. ती उन्मादात नव्हती, तर तो म्हणणार, बाई पूर्ण भानावर होत्या, मग ओरडल्या का नाहीत? संमतीचा मुद्दा आला की ती अगदी धडधाकट, आणि साक्षीचा आला की वेडी. एकाच दिवशी, एकाच पिंजऱ्यात उभ्या असलेल्या एकाच बाईचा आजार असा सोयीने लहानमोठा करता येतो.

वास्तविक संमती देण्याची क्षमता त्या घटकेपुरती पाहायची असते आणि साक्ष देण्याची क्षमता साक्षीच्या घटकेला. या दोन वेगळ्या तारखा आहेत. एखाद्या बाईला उन्मादाच्या भरात काय घडलं ते सहा महिन्यांनी, झोप नीट लागत असताना, स्वच्छ सांगता येतं. मलेरियाच्या तापात बरळलेल्या माणसाला बरा झाल्यावर आपण मतदान करू देतोच की.

आणि ओरडली का नाहीस? ताई म्हणते, "माझे पाय माझे नव्हते." स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर मदत केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांचं शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात गोठून गेलं होतं. हलता येत नाही, आवाज फुटत नाही. मांजराने धरलेला उंदीर जसा मेल्यासारखा पडतो. देसाईगंजच्या मुलीच्या अंगावर जखमा का नव्हत्या, त्याचं एक उत्तर कदाचित यात असेल. आठवणीचंही तसंच. ताईला गोदामातल्या खोक्यावर छापलेला बॅच नंबर आठवतो, आधी दिवा बंद झाला की आधी दार, ते आठवत नाही. उलटतपासणीत मात्र क्रमच विचारतात.

घटनेनंतर तिसऱ्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं. ताई तिथे हसली होती. फोटो आहे. गोव्यातल्या एका गाजलेल्या खटल्यात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने २०२१ मध्ये आरोपीला निर्दोष सोडताना, तक्रारदार स्त्रीचं वागणं अत्याचारित स्त्रीच्या अपेक्षित वागण्यासारखं नव्हतं, अशा अर्थाचं लिहिलं. नंतरच्या फोटोंत ती हसतमुख दिसते याचीही दखल घेतली. त्या निकालाविरुद्ध राज्य सरकारने अपील केलं. खटल्याच्या खरेखोटेपणाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्या एका मुद्द्याबद्दल बोलेन. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर हसायचं असतं. ताई तर पंधरा वर्षं हसतेय, कारण ती हसली नाही की घरचे विचारतात, गोळी चुकली का?

आता दुसरी बाजू, कारण ती नाही असं म्हटलं तर मी खोटं बोलेन. आजारात भ्रम होतात. लैंगिक स्वरूपाचेही होतात. ताईच्याच सहाव्या वहीत एक पान आहे : "टीव्हीवरचा माणूस माझ्याकडे बघून बोलतो. त्याला माझं नाव माहीत आहे." त्या आठवड्यात झोप दीड तास, गोळ्यांच्या रकान्यात फुल्या. अशा दिवसांत तिने कुणावर आरोप केला असता तर? तर तो तपासायलाच हवा होता. ज्याच्यावर आरोप होतो त्याचंही आयुष्य असतं, त्यालाही घर असतं, आणि आरोप खरा की खोटा हे शोधणं हे पोलिसांचं काम आहे. माझं भांडण इतकंच आहे की शोधावं. कॅमेरा होता का, गोदामाची किल्ली त्या दिवशी कुणाकडे होती, त्याचा फोन कुठे होता, दुकानातल्या इतर मुलींना विचारलं का? हे सगळे प्रश्न ताईच्या रक्तातल्या लिथियमवर अवलंबून नाहीत. तिच्या जागी कुणीही असती तरी हेच विचारावे लागले असते. निदान कळल्यावर तपास जास्त काळजीने व्हायला हवा, आपल्याकडे तिथेच तो थांबतो.

त्या सहाव्या वहीतल्या पानाबद्दल ताई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण इथेच तिने माझं वाक्य खोडलं : "ते मी आजारात लिहिलं होतं. हे मी जागेपणी लिहिलंय. मला फरक कळतो. पंधरा वर्षं मी दुसरं काय शिकले?"

मी हा मुद्दा कधी ध्यानातच घेतला नव्हता. आपण, ज्यांना काही निदान झालेलं नाही, आपल्या आठवणींना कधी तपासत नाही. मला आठवतं म्हणजे ते तसंच घडलं, अशा थाटात आपण वागतो. ती प्रत्येक गोष्ट घासून पाहते. झोप किती झाली होती? गोळी घेतली होती का? दुसऱ्या कुणी पाहिलं का? अकरा दिवस तिने हेच केलं.

काही गोष्टी आम्हाला फार उशिरा कळल्या. मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रीची अशी फिर्याद पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी येऊन नोंदवायची, गरज असेल तर विशेष शिक्षक किंवा दुभाषी सोबत घ्यायचा, त्याचं चित्रीकरण करायचं, ही तरतूद २०१३ पासून आहे. आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मानसिक आजार हा २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात धरलेला आहे. त्या टेबलापाशी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. कुणाच्या घरात अशी वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा, आणि तिथे आवर्जून म्हणा.

फिर्याद अखेर नोंदली गेली. दोषारोपपत्र दाखल झालंय. पुढच्या महिन्यात ताईची साक्ष आहे.

वकीलबाईंनी वही मागितली. म्हणाल्या, ही दुधारी आहे. झोपेचे आकडे त्या तारखेनंतर कोसळतात हे आपल्या बाजूचं. पण एक वही दाखवली की समोरचे बाकीच्या मागतील, आणि टीव्हीवाल्या माणसाचं पान मोठ्याने वाचून दाखवतील. हवं तर हे सगळं बाजूला ठेवू, जबाबावरच लढू. ठरवायचं तुम्ही.

ताईने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या नऊ वह्या कापडी पिशवीत घालून माझ्याकडे आणून दिल्या. वर चिठ्ठी, हिशेबाच्या अक्षरात : वह्या ९, पाने मोजून दिली आहेत, परत मोजून घेणे.

कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. पोराने पहिली वही घेतली, पानं चाळायला लागला, आणि माझा हात आपोआप पुढे गेला, पानावर ठेवला. त्याने वर पाहिलं. मी हात काढून घेतला.

"मावशी, यातली कुठली पानं काढायची?"

"सगळी," मी म्हटलं. "क्रमाने. एकही सोडू नकोस."